कुंपणाआडचा राखणदार

कंपनीने पठाराला कुंपण घातलं आणि आमच्या वाडीचा राखणदार देव आत अडकला. दरवर्षी नारळ ठेवून त्याला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे वाडीसाठी मागणं मागायचं, काम माझ्या काकांचं. मी हात नाचवत ऐटीत म्हणालो, "काका, आपल्या देवाकडे जायचा हक्क जगातल्या देशांनी करारात लिहून दिलाय. आपला देशही त्यात सामील आहे!"

त्या जोरावर आम्ही फाटकावर गेलो. सिक्युरिटीवाल्याने साहेबाला फोन लावला आणि नकारार्थी मान हलवली.

"तुझ्या कराराची राखण कोण करता?" काकांनी विचारलं.

"परदेशात समिती आहे. ती सरकारकडे अहवाल मागते."

"म्हणजे तीवय फाटकाभायरच!"

मी हसलो, एकटाच. काकांनी तिथूनच पठाराकडे तोंड करून गाऱ्हाणं घातलं. मग हळूच म्हणाले, "देवाक ऐकाक इला आसात मां रे?"