सत्तेचाळीस नंबरची दाढ

नोलीन डेकरला पहिला संशय आला तो स्वतःचाच.

सिडनीपासून दूरच्या कुराबिन गावात दातांचा दवाखाना एकच, डॉक्टर लायनेल प्रॉसर यांचा. त्यानंतरचा दाताचा डॉक्टर गाठायचा तर गव्हाची शेतं आणि मेंढ्यांची कुरणं तुडवत एकशे ऐंशी किलोमीटर जावं लागे. नोलीन त्या दवाखान्यात एकोणीस वर्षं मदतनीस होती. डॉक्टर तोंडात बघून आकडे सांगत, ती कार्डावर लिहून घेई. अक्षर मोत्यासारखं नव्हतं, पण चुकायचं नाही. हॉलंडहून आलेल्या सासऱ्याकडून तिने एक सवय उचलली होती, इंग्रजी सातच्या पोटातून आडवी रेघ मारायची. नवरा गेला, सासरा गेला, रेघ राहिली.

ऑगस्टमध्ये केव्ह माल्डून आला. मेंढ्यांची लोकर कातरणारा, दाराएवढा गडी, पण खुर्चीत बसला की लहान मुलासारखा घाबरायचा. डॉक्टरांनी सांगितलं, "सत्तेचाळीस. किडलीय, काढायची." खालची उजवीकडची, मागून दुसरी दाढ. नोलीनने तसं लिहिलं. दाढ काढली, केव्ह गाल धरून गेला. दोन दिवसांनी तो परत आला तो ओरडतच.

"डॉक्टर, दाढ गेली, पण ठणका आहे तिथेच आहे!"

डॉक्टरांनी आत पाहिलं, मग म्हणाले, "शेजारचीही गेलीय रे. तीही काढू."

नोलीनने कार्ड काढलं. पहिल्या दिवसाच्या नोंदीत लिहिलं होतं: सेहेचाळीस. ती चपापली. आपण सत्तेचाळीस ऐकलं, सत्तेचाळीस लिहिलं. की वय झालं आता? चष्मा बदलायला हवा? दिवसभर ती स्वतःवरच चरफडत राहिली. संध्याकाळी कपाट लावताना तिने कार्ड पुन्हा उघडलं. केव्हच्या जन्मतारखेत एक सात होता. त्याच्या पोटात रेघ नव्हती.

अख्खं कार्डच नवीन होतं. अक्षर तिच्यासारखं, पण तिचं नव्हे.

तेव्हापासून नोलीनच्या डोळ्याला डोळा लागेना. सत्तेचाळीसऐवजी शेजारची निरोगी दाढ चुकून निघाली, हे तिला कळत होतं. चूक कुणाकडूनही होते. पण मग कार्ड का बदललं? ती डॉक्टरांकडे चोरून बघू लागली. चहाचा कप ते हल्ली दोन्ही हातांनी धरत. क्लबात हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळालाही जात नव्हते. खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. नोलीनने ठरवूनच टाकलं की माणूस पितो.

एकदा डॉक्टर बाहेर गेले तेव्हा तिने त्यांचा कप उचलून नाकाशी नेला. चहा. नुसता चहा. टेबलाखालची कचऱ्याची टोपली धुंडाळली, त्यात सफरचंदाची साल. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण नजर काही थांबली नाही.

बहीण बेव म्हणाली, "तुला काय, सगळीकडे काळंबेरंच दिसतं. गावाला एकच डॉक्टर आहे, तोही घालव."

"मी कुठे काही करतेय?"

"मग गप्प बस ना."

नोलीन गप्प बसली. तेवढं एक केलं, घरी एक वही ठेवली. रोज संध्याकाळी, दवाखान्यात डॉक्टर जे जे म्हणाले ते त्यात उतरवून काढायचं. सात महिने तिने दुसरं काही केलं नाही.

मार्चमध्ये शाळेची बस चालवणारी रोंडा ऑक्स्ली अक्कलदाढ काढायला आली. गावातली सगळ्यात बडबडी बाई, पण खुर्चीत अगदी निश्चल होती. दोन्ही हात मांडीवर, डोळे मिटलेले. डॉक्टरांच्या हातातलं हत्यार घसरलं आणि जिभेखाली घुसलं. रक्त भळभळलं. टाके पडले. पण त्यानंतर रोंडाच्या अर्ध्या जिभेची जाणीव गेली ती गेलीच. गरम चहाने जीभ भाजली तरी कळेना, शब्द तोंडात अडखळू लागले.

कार्डावर एक ओळ होती, नोलीनने न लिहिलेली: रुग्ण अचानक हलली.

पुढच्या आठवड्यात रोंडा वाण्याच्या दुकानात भेटली. म्हणाली, "माझीच चूक गं. डॉक्टर म्हणाले, मी हलले. मला तर आठवतही नाही."

रोंडा हलली नव्हती, हे नोलीनने डोळ्यांनी पाहिलं होतं. ती घरी आली आणि सिडनीच्या तक्रार आयोगाला तिने पत्र लिहिलं. दारूबद्दल एक अक्षर नाही. केव्हची दाढ, कार्ड, रोंडा, आणि सोबत वहीची नक्कल.

मग आयोगाचा एक माणूस आला आणि दवाखान्यातली सगळी कार्डं खोक्यांत भरून घेऊन गेला. त्या दिवसापासून गावाने नोलीनकडे पाठ फिरवली. तिची नोकरी गेली. टपाल कचेरीत लोक तिच्या मागे कुजबुजत. कुणी म्हणे, पगार वाढवला नाही म्हणून सूड घेतला. कुणी म्हणे, डॉक्टरांवर डोळा होता, त्यांनी भाव दिला नाही. आणि नोलीन? तिला प्रत्येक हसरा चेहरा खोटा वाटू लागला. बेवने घरी केलेला केक आणून दिला तरी वाटायचं, ही काहीतरी माहिती काढून घ्यायला आलीय.

पुढच्या वर्षी सिडनीत न्यायाधिकरणासमोर सुनावणी झाली. एक न्यायाधीश, दोन दंतवैद्य आणि एक साधी नागरिक असलेली शिक्षिका, असे चौघे समोर बसले होते. डॉक्टरांचा वकील उठला.

"बाई, तुम्ही डॉक्टरांचा कप हुंगला होता, खरं ना?"

हे त्याला कुठून कळलं? सांगितलं होतं ते एकट्या बेवला! नोलीनचे कान तापले.

"हो."

"कचऱ्याची टोपलीही उपसलीत?"

"हो."

"म्हणजे तुमचा स्वभावच संशयी."

"असेल," नोलीन म्हणाली. "म्हणून तर कप हुंगून बघितला. दारू सापडली नाही, म्हणून पत्रात दारू लिहिली नाही. जे सापडलं तेच लिहिलं."

शिक्षिकेने मान खाली घालून हसू लपवलं. मग कार्डं समोर मांडली गेली. एकोणीस वर्षांची शेकडो कार्डं, प्रत्येक सातच्या पोटात रेघ. आणि केव्हचं एकटं कार्ड, बिनरेघेचं. रोंडाच्या कार्डावरची ती ओळही तज्ज्ञाने तपासली. ती नोलीनच्या अक्षराची नक्कल होती.

शेवटी डॉक्टर उभे राहिले. त्यांनी उजवा हात पुढे धरला. तो थरथरत होता, वाऱ्यावरच्या पानासारखा. कंपवात. दोन वर्षांपासून. "सांगितलं असतं तर गाव डॉक्टराविना राहिलं असतं," ते म्हणाले.

नोलीनला रडू आलं. ज्याला ती दारुडा समजत होती, तो आजारी होता. पण मग रोंडाकडे तिचं लक्ष गेलं. ती भिंतीलगत बसली होती, ओठ घट्ट मिटून.

निकाल सहा आठवड्यांनी आला. आजार हा गुन्हा नाही, त्यात लिहिलं होतं. आजारी डॉक्टरला देखरेखीखाली काम करता आलं असतं. पण हात थरथरतो हे ठाऊक असून त्यांनी हत्यार उचललं, खोटी नोंद केली आणि जखमी बाईला तिचीच चूक असल्याचं पटवलं. अशा माणसाच्या शब्दावर रुग्णांनी विसंबायचं कसं? नोंदणी रद्द, दोन वर्षं पुन्हा अर्जही करायचा नाही. हे शिक्षा म्हणून नव्हे, लोकांच्या रक्षणासाठी, असं स्पष्ट म्हटलं होतं.

बाराव्या पानावर नोलीनचं नाव होतं. साक्ष विश्वासार्ह. आणि खाली एक ओळ: पहिला संशय ऑगस्टमध्ये, तक्रार मार्चमध्ये, रोंडाच्या जखमेनंतर. दोष दिला नव्हता. फक्त नोंद.

दुसऱ्या दिवशी रोंडा दारात उभी. हातात तोच निकाल, बारावं पान दुमडलेलं.

"तुला ऑगस्टपासून माहीत होतं?" शब्द जड, अर्धवट.

"संशय होता."

"मी तुझ्यासमोर त्या खुर्चीत बसले. तू माझ्या गळ्याला रुमाल बांधलास."

रोंडाने तो निकाल नोलीनच्या हातात ठेवला. मग ती निघून गेली. नोलीनने मागून हाक मारली नाही.

डॉक्टरांनी पुन्हा अर्ज केलाच नाही. ते मुलीकडे किनाऱ्यावर राहायला गेले. पुढची दीड वर्षं कुराबिनची माणसं ठणकणारे दात घेऊन एकशे ऐंशी किलोमीटर जात राहिली आणि वाटेत नोलीनला शिव्या घालत राहिली. मग सरकारने महिन्यातून दोनदा फिरता दवाखाना पाठवायला सुरुवात केली. मोठी गाडी, आत तरुण डॉक्टरीणबाई. तिला गावची मदतनीस हवी होती. अर्ज एकच आला, नोलीनचा.

तिसऱ्या फेरीला रोंडा आली. गाडीच्या पायरीवरच थबकली. डॉक्टरीणबाई म्हणाली, "या, घाबरू नका."

"घाबरत नाही मी," रोंडा म्हणाली. तिने नोलीनकडे पाहिलं. नजरेत माया नव्हती. "तू इथे उभी राहा, मला दिसशील अशी. आणि काही वावगं दिसलं तर लगेच बोल. या वेळी सात महिने लावू नकोस."

"बरं," नोलीन म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईच्या हातांवर नजर रोखून उभी राहिली.