गर्दीत नाव घ्यायचं नाही

हिंदी सिनेमात दंगल पेटते तेव्हा मागे जो गलका ऐकू येतो, त्यात मी असते. पडद्यावर नाही, नुसती आवाजात. शूटिंगच्या वेळी गर्दीचा आवाज धड मिळत नाही, म्हणून नंतर आम्हा आठ-दहा जणांना स्टुडिओत बोलावतात आणि आम्ही हजार माणसं होतो. याला क्राउड डबिंग म्हणतात. लालबागच्या आमच्या चाळीत कुणी माझ्या कामाबद्दल विचारलं की आई मालवणीत सांगायची, "माझा चेडू सिनेमात आराडता." मुलगी सिनेमात ओरडते म्हटल्यावर लोकांना वाटायचं, म्हातारी मस्करी करतेय.

स्टुडिओ लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. वडील त्याच गिरणीत साचे चालवायचे. पण गिरण्या गेल्या आणि काचेची ऑफिसं आली ही रडकथा मी सांगणार नाही, सगळ्यांनी सांगून सांगून तिचा चोथा केलाय. मला ते चालत जाण्याजोगं पडतं, एवढंच.

खोली लहान, भिंतींना गादीसारखं कापड. आत शिरायच्या आधी बांगड्या काढायच्या. खळीची कडक साडी नेसून यायचं नाही, खिशात सुटे पैसे ठेवायचे नाहीत, कारण माइक सगळं ऐकतो. समोर सीन चालू झाला की ओरडायचं. आधी लांबचा जमाव, तेव्हा तोंड भिंतीकडे करायचं. मग जवळचा. एक बाजू झाली की गरम पाणी प्यायचं आणि समोरची बाजू घ्यायची. हो, दोन्ही बाजू आम्हीच. हे सांगितलं की लोक दचकतात. दचकायचं काय त्यात? गळा तोच असतो, घोषणा तेवढी बदलते.

या कामाचे नियम दोनच. पहिला, शब्द कळता कामा नये. गर्दीतला एक जरी शब्द स्पष्ट आला तरी बघणाऱ्याचं लक्ष हिरोवरून उडतं. म्हणून आम्ही तोंडाला येईल ते बोलतो, सूर फक्त रागाचा ठेवतो. आमच्यातला एकजण हाणामारीत "गॅस संपला, गॅस संपला" करतो. मी कित्येक वर्षं प्रत्येक दंगलीत आमच्या चाळीच्या सेक्रेटरीला शिव्या घालत आलेय, आणि त्या माणसाला अजून पत्ता नाही.

दुसरा नियम म्हणजे गर्दीत नाव घ्यायचं नाही. नाव आलं की धर्म आला, धर्म आला की सेन्सॉर आला आणि मागोमाग वकील. आईला मुलगा शोधायचा असेल तर तिने "बेटा, कहाँ है" एवढंच ओरडायचं. दंगलीचा सिनेमा जितका मोठा, तितका हा नियम कडक.

तिथेच मला ताई भेटली. ती माझगावची, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी. कोकणी मुसलमान, गाव रत्नागिरीकडचं, घरातली बोली आमच्या घरातल्या बोलीची मावसबहीण. मी तिला ताई म्हणायचे, ती मला येडी म्हणायची. तिच्यासारखं रडणारी बाई अख्ख्या लाइनीत नव्हती. माझा आवाज जाड, भांडखोर, म्हणून माझ्याकडे चिथावणी. आम्हाला बोलावणारा को-ऑर्डिनेटर सीन वाटताना सरळ सांगायचा, "तू मार, ती रडेल." मी मारायचे, ती रडायची, मग बाहेर येऊन दोघी एका चटणी सँडविचचे दोन भाग करायचो. मला काही वाटायचं नाही. वाटायला हवं हे कळायचं. पण कळणं वेगळं आणि वाटणं वेगळं.

चिथावणी मला कुणी शिकवली नाही. शहरात दंगल झाली तेव्हा मी शाळकरी होते. दुपारी चाळीखालून जमाव गेला. आमच्या मजल्यावरच्या बायका कठड्यावर ओणवून त्यांना ओरडून सांगत होत्या, कुणाचं दुकान कोणत्या कोपऱ्यावर आहे ते. एरवी संक्रांतीला माझ्या हातावर तिळगूळ ठेवणाऱ्या बायका. वडील खुर्चीतून म्हणाले, "आत ये." मी आत आले. पण तो सूर कानात बसला तो बसलाच. पुढे पहिल्यांदा माइकसमोर ओरडले तेव्हा काचेमागचा रेकॉर्डिस्ट खूश झाला, म्हणाला, एकदम असली वाटतंय. असली होतंच ते. तोच सूर मी आजवर विकत आलेय.

ताईच्या घरचं मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. एकदा सँडविच खाताना मी तिला म्हटलं, "सँडविचचा ब्रेड चालतो तुला, पण डब्यात पाव कधी दिसत नाही गं. तांदळाची भाकरीच आणतेस नेहमी." तेव्हा तिने सांगितलं, अगदी बाजारभाव सांगावा तसं.

त्या दंगलीत कर्फ्यू थोडा वेळ उठला होता. तिचा भाऊ पाव आणायला खाली उतरला. ती गॅलरीत उभी होती. गल्लीच्या तोंडाशी माणसं जमलेली तिला दिसली, भाऊ मान खाली घालून तिकडेच चालला होता. त्याला हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि मागून आईने तिच्या तोंडावर हात दाबला. आईला वाटलं, नाव ऐकलं तर त्या माणसांना कळेल हा कोण ते. वर घरात दोन मुली होत्या, त्या माणसांनी वर बघितलं असतं. भाऊ कोपऱ्यावरून वळला तो परत आला नाही. मिळालाही नाही. दफन नाही, काही नाही.

"इतकी वर्षं गळा फाडते ना मी," ताई म्हणाली, "सगळं ओरडून झालं. त्याचं नाव सोडून."

तिच्या आईला मी मावशी म्हणायचे. मी गेले की मावशी माझ्याशी गावच्या गजाली करायची, आंब्याच्या, पावसाच्या, कुणाच्या लग्नाच्या. मुलाचं नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. कधीतरी बोलता बोलता थांबायची आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघायची. "ह्या हातानं," एवढंच म्हणायची. पुढे विचारायची माझी छाती झाली नाही.

मागच्या वर्षी ताईच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, ऑपरेशननंतर आवाज राहील, पण हा आवाज राहणार नाही. ओरडणं तर विसराच. त्याच सुमारास मावशीचे कान जात चालले होते. ताई मला म्हणाली, "येडे, सिनेमात एकदा त्याचं नाव घेते, आईच्या कानावर जाऊ दे. तिला वाटतं तिने माझा गळा कायमचा दाबला. मी त्याला हाक मारली, हे तिने ऐकायला पाहिजे. मग तिचे कान जावोत नाहीतर माझा गळा जावो."

मी आहे फटकळ. म्हटलं, "मग घरात मार की हाक. सिनेमा कशाला हवा?"

"घरात मारून बघितली. निघतच नाही. माइकसमोर सगळं निघतं."

हे मात्र मला पटलं. माझंही तसंच आहे. घरी मी भांडताना रडते, स्टुडिओत माणसं कापायला सांगते.

तेवढ्यात दंगलीवरचा एक मोठा सिनेमा आला. दिग्दर्शक तरुण, सभ्य, चहा देणाऱ्यालाही आप म्हणणारा. दंगलींवर त्याने खूप वाचलं होतं आणि त्याचे डोळे पटकन भरायचे. अशा माणसांना मी मनातल्या मनात नावं ठेवते, पण याला ठेवली नाहीत. ताईने त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाली, गर्दीत एक नाव घेऊ दे. फक्त एक. त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "ये तो मेरी फिल्म की जान है," म्हणाला. "रहेगा. मेरा वादा."

जागाही त्यानेच निवडली. एका दुकानाचं शटर धाडकन पडतं, मग रिकामी गल्ली, गच्चीवर पिवळी पाण्याची टाकी. तिथे ती हाक.

ताईने हेडफोन नीट बसवले. शटर पडलं, टाकी दिसली आणि तिने नाव घेतलं. एकदाच. ते मी इथे लिहिणार नाही. रेकॉर्डिस्ट मशीन बंद करायचं विसरला. दिग्दर्शक काचेमागे तोंड झाकून बसला होता. माझ्या अंगावर काटा आला असं लिहायला हवं, पण आला नाही. आवाज फाटला तर नाही ना, तेवढंच मी ऐकत होते. फाटला नव्हता.

आम्ही निघायला लागलो तेव्हा दिग्दर्शक मला म्हणाला, "आपसे एक वाइल्ड ले लूँ?" वाइल्ड म्हणजे चित्राशिवाय सुटं घेऊन ठेवलेलं वाक्य, पुढे कुठे लागलं तर लावायला. या वेळी त्याला शब्द स्पष्ट हवे होते. मी भिंतीला पाठ लावली आणि दिलं. "निकालो इनको बाहर. एक भी बचना नहीं चाहिए." तो कमाल कमाल म्हणाला. सगळ्या कामाला मिळून मला याच एका वाक्याची शाबासकी मिळाली. मग मी आणि ताईने सँडविच खाल्लं.

ऑपरेशन झालं. ताईला बोलायची बंदी होती, कुजबुजायचीही. सिनेमा लागला त्या आठवड्यात आम्ही मावशीला टॅक्सीत घालून लोअर परळच्या मॉलमधल्या थिएटरात नेलं. मावशीने ठेवणीतली साडी नेसली होती आणि कानात नवं मशीन घातलं होतं, ताईने आणलेलं. सरकत्या जिन्याला ती घाबरली, म्हणून लिफ्टने गेलो. खुर्चीत बसल्या बसल्या तिने मला एकच विचारलं, "खंय येतली ती हाक?" मी म्हटलं, "शटर पडतला, मगे पिवळी टाकी दिसतली. मगे." तिने ते पोरांना पाढा पाठ करायला लावतात तसं पुटपुटून घेतलं. शटर, पिवळी टाकी. शटर, पिवळी टाकी.

मावशी मध्ये, तिच्या एका हाताला मी, दुसऱ्या हाताला ताई. पहिल्या भागात मावशी हिरोकडे बघतच नव्हती. शटरवालं कुठलंही दुकान आलं की पुढे सरकायची. मागे कुणीतरी पॉपकॉर्न खात होतं, त्याचा मला भयंकर राग आला. बरं वाटलं, राग तरी येतोय.

मग दंगल लागली. दोन्ही जमाव आमचेच. मला प्रत्येक आवाज ओळखू येत होता, गॅस संपलेलाही. मावशीने कानातलं मशीन बोटाने दाबून धरलं. शटर पडलं. रिकामी गल्ली आली, पिवळी टाकी आली.

"निकालो इनको बाहर. एक भी बचना नहीं चाहिए."

मी होते. स्वच्छ, जाड, चारी बाजूंच्या स्पीकरमधून. ताईची हाक नव्हती. कुणी काढली, मला माहीत नाही. सेन्सॉरने, वकिलाने, नाहीतर त्या दिग्दर्शकानेच, बहुतेक रडत रडत. कळवायचं तर कुणाला सुचलं नाही, गर्दीला कोण कळवतं? नाव गेलं की तिथे भोक पडतं, आणि भोक तसंच ठेवता येत नाही. घरात सापडलं ते बुजवायला घेतलं असणार. माझं वाइल्ड पडून होतंच.

मावशीने माझं मनगट घट्ट पकडलं. नखं रुतत होती. पडद्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "कोण गो ती बाय?"

पलीकडून ताई माझ्याकडे बघत होती. माझा आवाज तिच्याइतका कोण ओळखणार? पण तिला तोंड उघडायची परवानगी नव्हती. तिने मान हलवली, नाही, एवढीच. सांगू नको म्हणून, की हे खरं नाही म्हणून, ते मी विचारलं नाही. नंतरही नाही. आता तिचा आवाज परत आलाय, घोगरा, आणि आम्ही भाव, पाणी, कुठल्या डॉक्टरकडे जायचं असलं बोलतो. मी अजून स्टुडिओत जाते. दंगलीचे सिनेमे येतच असतात आणि चिथावणीला मीच असते. दुसरं मला येतं काय?

"कोण नाय गो मावशी," मी म्हटलं. "गर्दी आसा."

"मगे आमच्या चेडवाची हाक?"

"आता येतली."

ती माझ्यावर विश्वास ठेवून बसली. टाकी गेली, गल्ली गेली, हिरो हॉस्पिटलात पोचला, गाणं झालं. दिवे लागेपर्यंत तिने कानावरचं बोट काढलं नाही आणि माझा हात सोडला नाही.