एका कान्याचा क्लेम

माझ्या मानेला काहीही झालेलं नव्हतं.

हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. कारण त्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या निम्म्या मराठी मंडळींनी मला गळ्यात पट्टा घालून फिरताना पाहिलंय. कोणी उशी बदलायला सांगितली, कोणी गादी. एका काकूंनी तर संक्रांतीच्या हळदीकुंकवात माझ्या मानेसाठी बायकोच्या हातात बामची बाटली ठेवली. वाण म्हणून!

बिघडलं होतं ते माझं मन. तेही सगळं नाही, फक्त फ्रीवेपुरतं. एकदा फ्रीवेवर बर्फावरून आमची गाडी घसरली आणि स्वतःभोवती फिरून उलट्या तोंडाने उभी राहिली. कोणाला खरचटलंही नाही. पण त्यानंतर फ्रीवेवर चढायचा रॅम्प दिसला की माझे हात स्टिअरिंगला चिकटायचे, घशाला कोरड पडायची आणि डोळ्यांपुढे समोरून येणारे ट्रक दिसायचे. आणि मी पोटासाठी करत काय होतो? मोटारींचे ब्रेक डिझाइन! माझ्या ब्रेकवर भरवसा ठेवून अख्खं मिशिगन फ्रीवेवर सुसाट चाललं होतं. मी सोडून.

हसण्यावारी न्यायची सोय नव्हती, कारण अनघाला दिवस गेलेले होते आणि हॉस्पिटल फ्रीवेच्या पलीकडे होतं. आतल्या रस्त्यांनी जायचं तर दर सिग्नलला हजेरी लावत जावं लागे. बाळ सिग्नल पाळेल, अशी हमी डॉक्टरीणबाई द्यायला तयार नव्हत्या.

"मंदार, ऐन वेळी मी ड्राइव्ह करणार नाहीये हं," अनघाने बजावलं. "कळा मी देईन. गाडी तू चालव."

म्हणून थेरपी सुरू केली. लिंडा नावाची थेरपिस्ट आमच्या घराजवळ, ग्रोसरीच्या दुकानामागे बसायची. भली बाई. 'घाबरू नका' असं ती एकदाही म्हणाली नाही. घाबरून गाडी कशी चालवायची, तेच शिकवायची. अडचण एवढीच, की आमच्या इन्शुरन्सच्या हिशेबी ती आऊट-ऑफ-नेटवर्क होती. म्हणजे कंपनीने ज्यांच्याशी सोयरीक जुळवलीय ते डॉक्टर इन-नेटवर्क, आणि बाकीचे सगळे आऊट. तिची फी आधी आपण भरायची, मग क्लेम पाठवायचा आणि कंपनीला पाझर फुटायची वाट बघायची. तो फुटेना. आमच्या फॅक्टरीत ले-ऑफचे वारे, घरात बाळ येणार. क्लेम मंजूर झाला नाही तर लिंडाला रामराम ठोकावा लागणार होता, आणि मला तिच्याशिवाय रॅम्पसुद्धा चढता येत नव्हता.

अशात सासूबाई बाळंतपणासाठी यायच्या होत्या. सासूबाई म्हणजे नाशिकच्या शाळेतल्या निवृत्त मराठीच्या बाई. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेली लग्नपत्रिका दुरुस्त करून परत पाठवणाऱ्या! तो काळ मोजकी मिनिटं मिळणाऱ्या कॉलिंग कार्डांचा. फोनवर अर्धं बोलणं पोचायचं, अर्धं समुद्रात पडायचं. अनघा ओरडून ओरडून सांगत होती, "आई, मंदारचं मन… हो, मन… थेरपी घेतोय!"

पलीकडून आवाज आला, "अगंबाई! मान? कुठल्या बाजूनं?"

तेवढ्यात कार्ड संपलं.

"मी परत लावते आणि नीट सांगते," अनघा म्हणाली.

"राहू दे ना," मी म्हणालो. जावयाची मान आखडली तर सासुरवाडी हळहळते. जावयाचं मन आखडलं असं कळलं तर सासुरवाडी मुलीला परत बोलावते, अशी माझी ठाम समजूत होती. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

सासूबाई आल्या त्या महानारायण तेल, शेकायची पिशवी आणि एक मानेचा पट्टा घेऊन. कस्टमच्या माणसाने पट्टा बाहेर काढला, तेव्हा त्यांनी तो स्वतःच्या गळ्यात घालून दाखवला म्हणे! घरी आल्या आल्या मला पाटावर बसवलं.

"मंदारराव, मान द्या."

"अहो आई, तुम्ही कशाला—"

"जावयाचा मान ठेवायचा असतो. त्यात मानही आली." आणि त्यांनी अशी काही मान रगडली, की दुखत नसलेली मान दुखायला लागली.

रोज तेल, रोज शेक, रोज पट्टा. लिंडाकडे जातानासुद्धा पट्टा घालूनच निघायचं. तिने विचारलं, "हे काय नवीन?" मी म्हणालो, "आमचं व्याकरण." तिने वहीत बरंच काही लिहून घेतलं.

मग तो फोन आला. मी बाथरूममध्ये तेल धूत होतो, अनघा झोपली होती. बाहेरून सासूबाईंचा शाळेतला खणखणीत आवाज ऐकू आला.

"येस, ही इज माय सन-इन-लॉ… इन्शुरन्स? व्हेरी गुड… येस येस, थेरपी!… नो नो नो! हिज माइंड इज फर्स्ट क्लास! ओन्ली नेक! आय ॲम पर्सनली मसाजिंग!"

मी साबणासकट धावलो. फोन ठेवला गेला होता.

"ती बाई कशाची थेरपी ते विचारत होती का हो?" मी घामाघूम.

"छे! तिनं फक्त तुम्ही आहात का विचारलं. बाकीचं मी आपण होऊन सांगितलं," सासूबाई प्रसन्न चेहऱ्याने म्हणाल्या. "म्हटलं, उगाच कोणाचा गैरसमज नको."

कंपनीला परत फोन लावला तेव्हा कळलं की माझ्या फाईलवर शेरा पडला होता: पेशंटची तक्रार मानेची आहे असं घरचे सांगतात, सबब मनाचा क्लेम चौकशीसाठी अडकवला आहे. मी सोफ्यावर बसलो. पट्ट्यामुळे डोकं धरून बसायचीही सोय नव्हती.

"आई," मी म्हणालो, "मान नाही. मन."

"म्हणजे?"

मग मी सगळं सांगितलं. बर्फ, रॅम्प, ट्रक, हॉस्पिटल, लिंडा, क्लेम. बाळ येईल तेव्हा मी रॅम्पशी गाडी थांबवून रडत बसेन, याची मला खरोखर भीती वाटत होती, आणि तेही मी सांगून टाकलं. सासूबाई उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता मुलीचं तिकीट काढतात.

"म्हणजे हा काना लावला कोणी?" त्यांनी विचारलं.

"फोनने," दारात उभी असलेली अनघा म्हणाली.

"आणि खोडला का नाही?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"एवढं तेल वाया गेलं माझं!" त्या उसळल्या. मग एकदम हेडमास्तरांसारख्या समोर येऊन बसल्या. "आता सांगा. कंपनीचे स्वतःचे डॉक्टर आहेत ना, त्यांच्याकडे का नाही जात?"

"अहो, जवळात जवळचा आहे तो फ्रीवेच्या पलीकडे!"

"मग?"

"मग काय मग? तिथे आतल्या रस्त्यांनी जाताच येत नाही, फ्रीवेवरून—"

मी थांबलो. अनघा माझ्याकडे बघायला लागली. इतके आठवडे मी कंपनीशी क्लेमच्या कलमांवर, कोडवर, तारखांवर वाद घालत होतो. इंजिनियर ना मी!

"हे सांगितलंत त्यांना?" सासूबाईंनी विचारलं.

"…नाही."

"लावा फोन."

स्पीकर चालू केला. बराच वेळ संगीत ऐकून झाल्यावर सुपरवायझर लाइनवर आली. मी शेऱ्याबद्दल बोलायला लागताच सासूबाईंनी बोटाने टोचलं. "मुद्द्याचं."

"मॅडम," मी म्हणालो, "मला फ्रीवेची भीती वाटते. तुमचा थेरपिस्ट फ्रीवेच्या पलीकडे आहे. त्याच्याकडे जाता आलं असतं, तर मला त्याच्याकडे जायची गरजच पडली नसती!"

पलीकडून एक विचित्र आवाज आला. सुपरवायझर हसू दाबत होती. "सर," ती शेवटी म्हणाली, "होल्ड करा."

पुन्हा संगीत. अनघाने माझा हात धरला, सासूबाईंनी तेलाची बाटली. आणि सुपरवायझर परत आली ती मंजुरी घेऊन! जवळपास जाता येईल असा त्यांचा माणूस नाही, तेव्हा लिंडाला इन-नेटवर्क समजून सगळे क्लेम पास. मागचेसुद्धा!

"अँड हाउ इज द नेक?" तिने विचारलं.

"नो नेक!" सासूबाई कडाडल्या. "स्पेलिंग मिस्टेक!"

आम्ही तिघं बैठकीच्या खोलीत नाचलो. पट्टा तेव्हा निघाला.

लिंडाने आधी फ्रीवेवरून बाहेर पडायच्या पहिल्या एक्झिटपर्यंत गाडी चालवून घेतली, मग पुढच्या. आणि बर्फाळ पहाटे अनघाने मला हलवून "चल" म्हटलं, तेव्हा मी गेलो. रॅम्प चढलो. हात चिकटले, घसा कोरडा पडला, ट्रकही आले, अगदी खरे! पण गाडी सरळ चालली. हॉस्पिटलच्या दारात मी ब्रेक दाबला, तो लागला, आणि माझ्या धंद्यावर माझा प्रथमच विश्वास बसला. दुपारी मुलगी झाली. तिला हातात घेतलं तेव्हा मी मनसोक्त रडलो. रॅम्पवर रडायचं राहिलं होतं, तेही उरकून घेतलं.

फक्त एक झालं. सगळा रस्ता डाव्या लेनमधले ट्रक वळून वळून बघितल्यामुळे माझी मान आखडली. खरीखुरी! सासूबाईंनी विजयी मुद्रेने पर्समधून पट्टा काढला.

मानेचा थेरपिस्ट इन-नेटवर्क निघाला. फ्रीवेच्या पलीकडे. मी गेलो, स्वतः ड्राइव्ह करत. फक्त लेन बदलायला मान वळत नव्हती, म्हणून मागच्या सीटवरून सासूबाई सांगत होत्या, "या मंदारराव, मोकळं आहे!"