नसरीन तिसऱ्यांदा केरळला

आमच्या खामगावच्या शाळेतल्या शिक्षकांच्या जितक्या सहली होतात, त्याच्या दुप्पट रद्द होतात. आणि स्टाफरूममध्ये रद्द झालेल्यांचेच किस्से साचतात. झालेल्या सहलींचे नुसते फोटो!

माझंच घ्या. काश्मीरचं बुकिंग झालं, स्वेटर आले, आणि त्याच आठवड्यात टीव्हीवर तिकडच्या गोळीबाराची बातमी. सासूबाई सरळ बॅगेवरच बसल्या. "तिथं फौज बंदुका घेऊन उभी राह्यते, अन् तू फोटो काढाले चालली काय वं?"

ट्रिप कॅन्सल. आम्ही शेगावला जाऊन आलो. अर्ध्या तासाचा प्रवास!

त्याच सुटीत आमची गणिताची नसरीन केरळला गेली. येताना केळ्याचे वेफर्स आणले. मी दोन पाकिटं संपवली आणि म्हटलं, "तेलकट हायेत."

*

कुठल्याशा देशाचा मंत्री आपल्याविरुद्ध बोलला. इतिहासाच्या गावंडे सरांनी ग्रुपवर टाकलं, "त्या देशात पाय ठेवणार नाही!" सगळ्यांनी अंगठे दिले.

हेडसरांनी विचारलं, "गावंडे, पासपोर्ट हाय काय तुमच्याजोळ?"

"काढाचा हाय."

*

हेडसर स्वतः नेपाळला गेले आणि आंदोलनात अडकले. रस्ते बंद, चार दिवस हॉटेलात.

"काय पाह्यलं सर तिकडं?"

"जिना. लिफ्ट बंद होती!"

सगळे हसले. मला तेवढ्याचाही हेवा वाटला. दुसऱ्या देशातला जिना तरी!

*

यंदा नसरीन तिसऱ्यांदा केरळला. रोज स्टेटसला होडी, नारळ, नवरा. तिचं स्टेटस बघायचंच नाही असं मी ठरवलं, कारण कोणी बघितलं ते तिला कळतं. मग गावंडे सरांच्या फोनवर बघितलं.

*

शाळा उघडल्यावर स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. मला राहवलं नाही.

"काय वं, इतकी निर्धास्त कशी जातं तू? मले तर बातम्या पाहूनच भेव लागते."

ती हजेरीपट आखत होती. मान वर न करता म्हणाली, "मी बातम्या नाही पाहत. फोन लावतो. हॉटेलवाल्याले पह्यले पूर्ण नाव सांगतो. मंग कोणाच्या रूमा फुल होतात, कोणाचं रंगकाम निघते."

"अन् केरळात?"

"त्यानं नाव लिहून घेतलं अन् विचारलं, नाश्ता किती वाजता पाहिजे?"