भिंती भांडणाच्या

लोणावळ्याचं आमचं घर म्युनिसिपालिटीच्या दप्तरात एक होतं आणि प्रत्यक्षात तीन होतं.

ही करामत माझी. लढाईच्या दिवसांत मुंबईवर बॉम्ब पडणार अशी आवई उठली आणि जो तो मुंबईकर बोचकी घेऊन लोणावळ्यात उतरू लागला. लोक गोठेसुद्धा भाड्यानं मागत! अशा वेळी आम्ही दोघांनी एवढ्या मोठ्या घरात नुसतं पाय पसरून बसायचं? मी गडी लावून कारवीचे कूड उभे केले, शेणामातीनं लिंपले, दोन दारं फोडली, दोन मोऱ्या काढल्या आणि एका घराची तीन बिऱ्हाडं केली.

"अगं, पण परवानगी?" हे म्हणाले.

"माझ्या घरात भिंत घालायला परवानगी कुणाची? तुम्ही गप्प बसा!" (ह्यांना गप्प बसवायला फारसे कष्ट पडत नसत.)

बॉम्ब काही पडला नाही. मुंबईकर परतले, एक नलूबाई तेवढी मुलांसकट मधल्या बिऱ्हाडात राहिली. नवरा मुंबईत नोकरीला, रविवारचा येई. मागच्या बिऱ्हाडात भाजे गावची कोंडाबाई आली. तिचा नवरा गावात दुधाचे रतीब घाली आणि ही घरात बसून साऱ्या आळीला हुकूम सोडी. सगळं कसं छान चाललं होतं, पण लोणावळ्याच्या पावसानं माझे गुडघे धरले! चार महिने मी भिंतीला धरून चालायची, तीही भिंत कुडाची, म्हणजे मी आणि भिंत दोघी डुलायच्या. डॉक्टर म्हणाले, तळेगावला जा, हवा कोरडी आहे. पण हे घर विकल्याशिवाय तिथं घर घ्यायचं कशाच्या जिवावर? आणि पाऊस तर तोंडावर आलेला!

देवाच्या दयेनं मुंबईचा एक शेठ तयार झाला. अट एकच, घर भाडोत्र्यांनी भरलेलं पाहिजे. मंगळवारी सकाळच्या गाडीनं येऊन बयाणा द्यायचं ठरलं.

आणि त्याच मंगळवारी पलीकडच्या काकू धापा टाकत आल्या.

"अहो, म्युनिसिपालिटीचा ओव्हरसियर घरं तपासत येतोय! बिनपरवाना भिंत दिसली की पाडायला लावतो!"

भिंती गेल्या की भाडोत्री गेले, भाडोत्री गेले की शेठ गेला, आणि शेठ गेला की पुन्हा मी, पाऊस आणि गुडघे! पण मी हात टेकणारी बाई नव्हे. दोघींना बोलावलं.

"हे बघा, आजच्या दिवस आपण तिघी सख्ख्या जावा. घर एक, चूल एक. तुमच्या चुली विझवा आणि भांडी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात या!"

"मंग थोरली मीच," कोंडाबाई लगेच म्हणाली. "वयानं मीच मोटी हाय."

"बरं बाई, तू थोरली!"

राहता राहिले हे. ह्यांना खोटं बोललं की उचकी लागते. आमचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा "मुलगी पसंत आहे" म्हणताना लागली होती म्हणतात! तेव्हा ह्यांना मी मौनव्रत दिलं आणि पाटावर बसवलं. "काही झालं तरी तोंड उघडायचं नाही!"

एका स्वयंपाकघरात तीन बायका घालणं हे एका म्यानात तीन तलवारी घालण्यासारखं आहे, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. आमटीत मीठ मी घातलं. नलूबाईनंही घातलं. कोंडाबाईनं तर मूठभर टाकलं.

"चाखून तरी बघायची!" नलूबाई करवादली.

"थोरल्या जावंला उलट बोलतीस? हेच शिकविलं व्हय मम्बईत?"

"थोरली कसली? दूध पाणी घालून देतेस ते माहीत आहे मला!"

"दुधाचं नाव काढशील तर बघ!"

इतक्यात दारात खोकला ऐकू आला. ओव्हरसियर!

"किती बिऱ्हाडं आहेत इथं?"

"इश्श! बिऱ्हाडं कसली? आम्ही जावा-जावा."

"मग ह्या बाईंची बोली वेगळी कशी?"

"माहेर भाज्याचं ना त्यांचं! मामंजींना खेड्यातली सून हवी होती."

ह्यांनी पाटावरून आकाशाकडे बघून हात जोडले. (बहुधा मामंजींची क्षमा मागत असावेत.)

"आणि ह्या भिंती?"

आता मेले! पण मागं पातेलं आदळलं आणि मला सुचलं.

"भांडणाच्या आहेत हो त्या! एक मोठं भांडण झालं की एक कूड घालतो. घर मोडू नये म्हणून!"

तेवढ्यात "मीठ कुणी घातलं" ह्यावर आत पुन्हा धुमश्चक्री उडाली. ओव्हरसियर बराच वेळ ऐकत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू मऊ झाला. मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाला, "आम्हीपण तीन भाऊ एकत्र आहोत. असा कूड केवढ्याला पडतो हो?"

जिंकले! मी त्याला चहाला बसवलं आणि वळून बघते तर दाराबाहेरच्या ओट्यावर शेठ उभा. तो कधीपासून उभा होता देव जाणे!

"बाई, तुम्ही तर भाडोत्री म्हणालात. इथं तर सगळे हिस्सेदार!"

"छे छे, शेठ, ते भाडो..."

"काय म्हणालात?" ओव्हरसियरनं कप खाली ठेवला.

इकडे आड तिकडे विहीर! मी ह्यांच्याकडे वळले. "अहो, तुम्ही तरी सांगा ना काहीतरी!"

ह्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि शांतपणे डोळे मिटले. उभ्या जन्मात माझं एवढं कधी ऐकलं नव्हतं!

आणि कोंडाबाई पदर खोचून बाहेर आली.

"घर इकायचं? थोरल्या जावंला न इचारता? आमचा बी हिस्सा हाय! आमी जित्त्या हाय तवर कोन इकतंय बगतेच!"

"मुलांना घेऊन मी कुठं जाऊ?" नलूबाईनं हंबरडा फोडला. तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. घर विकणार हे त्या दोघींना तेव्हाच कळत होतं, आणि ते रडणं काही नाटकातलं नव्हतं. मला मेलीला खरोखर लाज वाटली.

"बाई, मला घर घ्यायचं होतं, खटला नव्हे," शेठ म्हणाला आणि आला त्या पावली स्टेशनाकडे सुटला. ओव्हरसियरची मात्र आम्ही सख्ख्या जावा असल्याची खात्रीच पटली; उरलेला चहा पिऊन तोही भिंतींना हात न लावता गेला.

पाऊस आला, गुडघे सुजले. कोंडाबाई रोज निरगुडीचा पाला गरम करून आणी. "धाकटे, पाय लांब कर. येवडं सोन्यासारकं घर इकायची अवदसा कुटनं आटवली गं तुला?" म्हणत शेकत बसे. मी मुकाट्यानं पाय लांब करी.

दिवाळीनंतर तळेगावचे एक गृहस्थ घर बघायला आले. किंमतही चांगली देत होते. म्हणाले, "मग व्यवहार पक्का समजायचा ना?"

"बसा हं," मी डोक्यावरचा पदर सारखा करत म्हटलं, "थोरल्या जाऊबाईंना विचारून येते."