जिन्याच्या तोंडाशी ठेवलेला आरसा

आमच्या वहिनीच्या हळदीकुंकवाला हळदीकुंकू लावायला कुणीच नसायचं.

बायका जिना चढून गच्चीवर यायच्या. जिन्याच्या तोंडाशीच एका स्टुलावर आरसा आणि करंडे. आपलं आपण लावायचं आणि पुढे जाऊन बसायचं.

गल्लीत याला ‘सेल्फ सर्व्हिस’ म्हणायचे. नाव मीच ठेवलं होतं. नणंदेनं एवढं तरी करायला नको का?

सुमंगलावहिनी जाऊन आज तारखेनं वर्ष झालं. तिथीनं मागच्याच आठवड्यात झालं.

काल माहेरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. तिथे जे झालं ते वहिनीला सांगायचंय, म्हणून लिहितेय. तिचं इथे कधी अकाउंट नव्हतं, तो भाग वेगळा.

सोलापूरचा चैत्र म्हणजे दुपारी गच्चीवर पाय ठेवायची सोय नाही. आई होती तोवर हळदीकुंकू खालच्या खोलीत व्हायचं, पंख्याखाली, एकमेकींच्या पदरावर बसून.

वहिनीनं ते वर नेलं.

तिची पद्धत ठरलेली होती. ऊन कललं की गच्चीवर पाणी मारायचं. त्याची वाफ निघून जाऊ द्यायची. मग पुन्हा पाणी, आणि फरशी सुकली की मगच चादरी अंथरायच्या.

कपडे वाळत घालायच्या तारांवर जुन्या साड्यांचा आडोसा. मोगऱ्याच्या कुंड्या कठड्यापासून ओढून मधे. गणपतीच्या खोक्यातल्या लायटिंगच्या माळा. कोपऱ्यात माठ. आणि भिंतीशी पितळी पाळण्यात गौर, पुढ्यात कमळासारखं कापलेलं कलिंगड.

वहिनीचं माहेर अक्कलकोटकडचं, घरी सगळे कानडी बोलणारे. कलिंगडाची पाकळी तुटली की “अय्यो!” म्हणायची आणि तुटका तुकडा माझ्या तोंडात कोंबायची.

“वन्सं, खावा आणि गप बसा.”

आरसा आला तो मात्र दाजी गेले त्या वर्षी.

दाजी म्हणजे आमच्या आक्काचे मालक. आक्का आमच्यात थोरली, करकंबला दिलेली. त्या चैत्रात ती माहेरी आली आणि स्वयंपाकघरात कैरी किसत बसली. वर यायचं नावच घेईना.

“मी न्हाय येत. करंडा घेऊन फिरणार, माझ्यापाशी आल्यावर हात आखडणार. त्यापरीस मी हितंच बरी.”

वहिनीनं ऐकलं.

संध्याकाळी तिनं स्वतःच्या खोलीतला आरसा काढला, स्टुलावर ठेवला, त्याला मोगऱ्याचा गजरा गुंडाळला. आम्हाला वाटलं, यंदा आरास जोरात आहे.

मग जिन्यातून खाली हाक मारली, “आक्काऽ, डाळीला मीठ बरोबर आहे का बघा की. मला आज चवच कळेना.”

आक्का मीठ बघायला वर गेली. करंडा घेऊन कुणीच फिरत नव्हतं. कुणाचा हात आखडायचा प्रश्नच आला नाही. ती चादरीवर बसली. थोड्या वेळानं उठून सगळ्यांना पन्हं द्यायला लागली.

मी नंतर वहिनीला विचारलं, हे काय नवीन?

“लावणारी असली की कुणाला लावायचं आणि कुणाला नाही, ते बघत बसावं लागतं की. आरशाला कुठं काय कळतंय?”

एवढंच. विषय संपला. पुढं दर वर्षी आरसा तिथे असायचा.

आक्का दर वर्षी त्याच्याकडे न बघता पुढे जायची. पण वर यायची. वहिनीही तिला कधी “लावा” म्हणाली नाही.

आई गेल्यावर आमचं माहेर वहिनीनंच चालू ठेवलं होतं. ती गेली तेव्हा मला वाटलं, आता हेही संपलं. गेल्या वर्षी गौर बसलीच नाही.

यंदा दादाचा फोन आला. “गौर बसवतोय. तुम्ही दोघी या.”

दादानं जन्मात गच्ची झाडलेली नाही. मोबाइलमधले जुने फोटो बघून त्यानं सगळी आरास केली. साड्या लोंबत होत्या. पाणी भर दुपारी मारून ठेवलेलं, त्यामुळे संध्याकाळी चादरीखालून नुसती धग. बायका एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला सरकत होत्या.

“फोटोत होतं ते सगळं केलंय की,” तो म्हणाला.

फोटोत आरसा नव्हता. आरसा जिन्याशी, फोटो कायम गौरीचे. त्याला काय ठाऊक?

करंडे नुसतेच गौरीपुढे ठेवलेले. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, “तुम्हीच लावा आता. घरातली सवाष्ण तुम्हीच.”

मी करंडा उचलला.

आणि आक्का उठून खाली गेली.

वाटलं, झालं. वहिनीनं इतकी वर्षं धरून ठेवलेलं मी एका मिनिटात घालवलं.

मी तशीच उभी.

मग जिन्यात पावलं वाजली. आक्का एकेक पायरी चढत वर आली. दोन्ही हातांत वहिनीचा आरसा.

तिनं तो स्टुलावर ठेवला. वर्षभराची धूळ होती, ती पदरानं पुसली. माझ्या हातातला करंडा घेतला.

आरशात बघितलं. आधी हळद लावली. मग कुंकू.

“सुमंगलाच्या हळदीकुंकवाला एवढ्यांदा आले, आणि तसंच गेले,” ती म्हणाली. “बरं दिसत न्हाय ते.”

मग मागं वळून बायकांना म्हणाली, “या की. उभ्या का?”

सगळ्या एकामागून एक आल्या.

दादा पाठ फिरवून माठाशी उभा होता. बराच वेळ पाणीच पीत होता.

वहिनी, डाळीला मीठ बरोबर होतं.

तुला आमच्या सगळ्यांचा, भरल्या मनानं नमस्कार.