बुटांपाशी बसलेली बाई

चंदीगडला बदली झाल्याची बातमी नातेवाइकांत पसरायला दोन दिवस लागले आणि "मग मनाली जवळच की" हे ऐकायला तिसरा. जवळ कसलं डोंबलाचं. पहाटे अंधारात घर सोडलं तरी पोचेपर्यंत दुपार टळून जाते. पण हे साताऱ्याकडच्या माणसांना सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या लेखी आम्ही बर्फाच्या पायथ्याशीच राहत होतो आणि आमचं सरकारी क्वार्टर म्हणजे वाटेवरची धर्मशाळा होती.

नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत. दर पाच-सहा वर्षांनी बिऱ्हाड उचलायचं, हे लग्नापासून चालू आहे. भोपाळला होतो तेव्हा कुत्रंही फिरकलं नाही. चंदीगड म्हटल्यावर मात्र ज्यांची नावं मी फक्त लग्नपत्रिकेत वाचली होती, त्यांनाही आमची आठवण येऊ लागली. डिसेंबर ते मार्च घर भरलेलं. विमानतळावरून आणायचं, झिरकपूरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर घालवायचा, आल्या आल्या गरम पोळ्या. रात्री मेथीच्या दशम्या नि शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवायची, कारण पंजाबी ढाब्यावरचं तुपकट पाहुण्यांना सोसत नाही. जाताना सगळे म्हणायचे, "अगदी घरच्यासारखं वाटलं." वाटणारच. राबत होते मी.

तरीही मी प्रत्येक खेपेला हौसेने निघायचे, हे कबूल करते. मला स्की करायचं होतं. हसू येईल, पण खरं आहे. लहानपणी आमच्या घरामागच्या टेकडीवर पावसाळा संपला की गवत वाळायचं, आणि आम्ही पोरं पोत्यावर बसून वरून खाली घसरत यायचो. बाराव्या वर्षी आईने ते बंद केलं. मोठी झालीस आता, म्हणाली. भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता, तो नंतरही घसरत राहिला. मनालीपुढच्या सोलंगचा पांढरा उतार पहिल्यांदा दिसला तेव्हा माझ्या पोटात त्या टेकडीवर व्हायची तीच गुदगुली झाली.

ती पहिली खेप दीर-जाऊ आणि त्यांच्या दोन मुलांबरोबरची. आमची पोरगी तेव्हा सात वर्षांची. आदल्या दिवशी मनालीत देवळाबाहेरून दिरांचे नवे कोरे बूट चोरीला गेले होते आणि त्यावरून अख्खी संध्याकाळ वाया गेली होती. दुसऱ्या दिवशी उतारापाशी आलो. तिथल्या टपऱ्यांमध्ये स्की, जाड कोट आणि स्कीचे जड बूट भाड्याने मिळतात. आपले बूट काढून ते घालायचे. सगळे बाकावर बसून बूट काढू लागले. मीही एका पायातला काढला होता.

"कोणीतरी बुटांपाशी थांबायला हवं," दीर म्हणाले.

माझं नाव कोणी घेतलं नाही. जाऊबाई हातमोजे नीट करू लागल्या. नवरा डोंगराकडे बघत राहिला. देवळात एक जण चपला सांभाळतो तसं एकाने इथे बसायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं, आणि तो एक कोण हे न बोलता ठरलेलं होतं. मी काढलेला बूट परत पायात घातला आणि म्हणाले, "मी बसते. मला नाही तरी थंडी सोसत नाही."

त्या वाक्याचा मला आजही संताप येतो. एकानेही "असं कसं" म्हटलं नाही. हायसं वाटल्याचं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

पुढे ती रीतच झाली. साडेपाच वर्षांत अकरा खेपा, अकराही वेळा मी त्याच बाकावर. पायांशी बुटांची रांग, मांडीवर पर्सा, खिशात पाच-सहा मोबाइल आणि मुठीत टपरीवाल्या बाईने दिलेले नंबराचे बिल्ले. एकदा नणंदेच्या सासऱ्यांची कवळीसुद्धा रुमालात धरून बसले होते, थंडीने हिरड्या दुखतात म्हणून त्यांनी ती काढून दिली होती. आमच्या पोरीला मात्र मी दरवेळी वर पाठवलं. खालून तिची लाल टोपी शोधत बसायची.

"वहिनी, तू आहेस म्हणून आम्हाला निर्धास्त खेळता येतं गं," नणंद म्हणायची. तिने घरच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला, बुटांच्या मधोमध बसलेली मी, खाली लिहिलं, "आमची बूट मॅनेजर." सगळ्यांनी हसरी तोंडं टाकली. मीही टाकलं. नणंदेपेक्षा माझ्या त्या हसऱ्या तोंडाचाच मला जास्त राग आहे.

यंदा फेब्रुवारीत बदलीचा आदेश आला. चेन्नई. एप्रिलच्या आत हजर व्हायचं. मी आदेश वाचला आणि पहिलं मनात आलं ते पोरीची शाळा किंवा सामान नाही, तो उतार आला. आता नाही तर कधीच नाही. चेन्नईहून कोण मला बर्फात नेणार, आणि गुडघे आत्ताच जिन्यावर कुरकुरतात.

जेवताना मी जाहीर केलं, "शनिवारी आपण तिघंच जायचं. पाहुणे नाहीत."

"पक्का?" पोरीने विचारलं. ती सेक्टर चौतीसमध्ये क्लासला जाते. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीतच येतं.

"पक्का," मी म्हणाले.

गुरुवारी नवऱ्याच्या मामेभावाचा फोन. तुम्ही चाललात म्हणे चंदीगड सोडून, मग यंदा यायलाच हवं, शुक्रवारी रात्री पोचतो दोघं. नवऱ्याचं "हो हो, या ना" अर्धं बाहेर पडलं होतं. मी त्याच्या हातातून फोन घेतला.

"भाऊजी, गाडीत जागा नाही."

"अहो वहिनी, मागे तिघं आरामात बसतात की."

"मागे मी पाय पसरून बसणार आहे," मी सांगितलं आणि फोन ठेवला. नवरा शनिवारी मोहाली ओलांडून बिलासपूर येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी पाय पसरले होते. गरज नव्हती, पण पसरले.

रविवारी सकाळी उतारापाशी आलो. यंदा बर्फ कमीच. उताराच्या कडेला चिखल दिसत होता. गाडी खूप लांब लावावी लागते म्हणून नवरा आम्हाला उतरवून तिकडे गेला आणि मी नि पोरगी टपरीत शिरलो. पोरगी स्कीचे बूट घालू लागली. मी, कोणी काही न सांगता, तिचे काढलेले बूट उचलले आणि बाकावर जाऊन बसले. बसल्यावर ध्यानात आलं मी काय केलं ते.

टपरीवाली बाई तिथलीच, माझ्याच वयाची. इतक्या वर्षांत आमचं मान हलवण्यापलीकडे बोलणं नव्हतं. ती जवळ आली.

"जी, एक बात पूछूँ? आप हर साल यहाँ जूते लेकर क्यों बैठती हो?"

"कोई ले न जाए, इसलिए," मी म्हणाले.

तिने पडदा सरकवला. मागे पत्र्याच्या पेट्यांची उतरंड होती, प्रत्येकीला कुलूप, प्रत्येकीवर नंबर. "जूते तो हम इसी में रखते हैं. वो बिल्ला इसी का तो होता है. मैंने सोचा आपकी कोई मन्नत होगी, इसलिए कभी टोका नहीं."

मला वाटलं होतं, बिल्ला कोटाचा असतो. पाच वर्षं कुलपाचा नंबर मुठीत आवळून मी कुलपाबाहेर बूट राखत बसले होते. नऊ-दहा शिकलीसवरलेली माणसं, त्यातले दोघं तर इंजिनिअर, एकालाही विचारावंसं वाटलं नाही. कशाला वाटेल? त्यांची सोय झाली होती. मी तरी कुठे विचारलं?

मी माझे बूट काढायला वाकले. पोरगी बघत राहिली.

"मम्मी, आप भी करोगी? मुझे तो लगा आपको बर्फ पसंद ही नहीं. मैंने तो सबको यही बोला हुआ है."

तिची काय चूक. तिने सात वर्षांची असताना बाकावर ऐकलेलं वाक्य खरं मानलं होतं. "खोटं बोलले होते मी," मी तिला मराठीत सांगितलं. खाली बसून तिने मला स्कीचे बूट चढवले आणि त्यांचे चाप लावून दिले.

पोरीचे बूट पेटीत गेले, बिल्ला तिने खिशात टाकला. टपरीवाली माझ्या बुटांसाठी हात पुढे करत होती, तेवढ्यात दारात नवरा आला, गाडीची किल्ली बोटात फिरवत. माझ्या पायांतले जड बूट बघून थबकला.

"अगं, तू वर जाणार? मग बूट कोण बघणार?"

मी माझे बूट उचलले आणि त्याच्या हातात दिले. "तुम्ही," म्हणाले.

टपरीवालीने काही बोलायला तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघितलं, तिने पडदा परत ओढून घेतला.

वर अर्धा तास मिळाला. किती वेळा पडले ते मोजलं नाही. शिकवणारा मुलगा सारखं सांगत होता, "नीचे मत देखो आंटीजी, सामने देखो." एकदा मात्र नीट घसरले, वीसेक पावलं असतील, पण पोटात तीच गुदगुली झाली. मग थांबून मी खाली बघितलंच. नवरा बाकाच्या टोकाला आखडून बसला होता, माझे बूट मांडीवर, दोन्ही हात त्यांच्यावर ठेवून. हात काखेत घालायचा, पुन्हा घाईने बुटांवर ठेवायचा.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी वळले आणि परत वर चढायला लागले.